जुना संगणक मोडीत काढण्याआधी

सायखेड्यातले एक निवृत्त गुरुजी रक्तदाब तपासायला आले होते. जाता जाता म्हणाले, "डॉक्टर, माझं ठीक आहे हो, पण आमच्या संगणकाला धाप लागते. दुकानदार म्हणतो नवा घ्या, भाचा म्हणतो लिनक्स टाका. तुम्ही काय म्हणता?"

हा प्रश्न आज अनेक घरांत आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०'चे नियमित साहाय्य थांबवले. 'विंडोज ११'ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. जुन्या यंत्रांत बहुधा ते नसते. विंडोज १० बंद पडत नाही, पण तिचे लसीकरण थांबते. त्याचा धोका वैद्यकीय क्षेत्राने अनुभवला आहे. मे २०१७मध्ये 'वॉनाक्राय' विषाणूमुळे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला रुग्णांच्या हजारो भेटी रद्द कराव्या लागल्या. त्यावरचा उपाय दोन महिने आधीच आला होता. तो न बसवलेल्या यंत्रांना फटका बसला.

लिनक्स मिंट, लुबंटू या हलक्या प्रणाली मोफत आहेत आणि त्यांना सुरक्षा सुधारणा नियमित मिळतात. मिंट २ जीबी रॅमवर चालते, ४ जीबीवर सुखाने. आपल्या सी-डॅकनेही 'बॉस' ही लिनक्सवर आधारित प्रणाली तयार केली आहे. बातम्या, ई-मेल, व्हिडिओ, पत्रलेखन एवढेच काम असेल तर सामान्य माणसाला त्या पुरतात. युनिकोड मराठीही लिहिता येते.

पण प्रत्येक औषध प्रत्येकाला चालत नाही. टॅलीवर हिशेब, श्रीलिपीतली जुनी कागदपत्रे किंवा डिजिटल सहीचे टोकन वापरणाऱ्यांची अडचण होऊ शकते. प्रिंटर, स्कॅनरही कधी रुसतात. अडल्यावर मदतीला जवळ जाणता माणूस हवा.

म्हणून आधी निदान करा. मंदपणा जुन्या हार्ड डिस्कमुळे असेल, तर एसएसडी बसवल्यानेच मोठा फरक पडतो. नंतर फोटो, कागदपत्रांची प्रत वेगळी काढून ठेवा. नवी प्रणाली पेन ड्राइव्हवरून, संगणकात न बसवता, चालवून पाहता येते. वाय-फाय, आवाज, प्रिंटर, मराठी टंकलेखन तपासा. आठवडाभर जमले, तरच ती कायमची बसवा.

खर्चाइतकाच आरोग्याचाही प्रश्न आहे. २०२२मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला. त्यातल्या जेमतेम २२.३ टक्क्यांची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. उघड्यावर फोडलेल्या, जाळलेल्या यंत्रांतले शिसे लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला इजा करते.

गुरुजींचे वाचन आणि पत्रव्यवहार आता मिंटवर चालतो. त्यांच्या मुलाच्या खतांच्या दुकानातला संगणक मात्र टॅलीसाठी विंडोजवरच ठेवला. त्याला नवे यंत्र घ्यावे लागले. घर एकच, पण दोघांची गरज वेगळी होती.