कलम 22चा कागद

जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेत जा आणि ‘शाळा विकास आराखडा बघायचाय’ म्हणा, फाइल लगेच समोर येते. ‘गेल्या वर्षीच्या आराखड्यातलं काय काय झालं?’ असं विचारलंत, तर बहुतेक ठिकाणी चहा येतो. यात शिक्षकांची थट्टा नाही. आराखडा करणं सक्तीचं आहे आणि तो पुन्हा उघडून बघणं कुणी सक्तीचं केलेलं नाही. एवढ्या एका फटीतून एका चांगल्या कायद्याचा बराचसा जीव निसटून गेला आहे.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्यातलं 25 टक्के आरक्षण सगळ्यांना माहीत आहे, कारण त्यावर कोर्टकज्जे झाले. 21 आणि 22 ही कलमं मात्र कुणाच्या तोंडी नसतात. कलम 21 सांगतं, की शाळेत व्यवस्थापन समिती हवी, तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात. वंचित घरांतल्या मुलांच्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा हवी. कलम 22 सांगतं, की या समितीने शाळेचा विकास आराखडा करावा आणि शासनाने आपल्या योजना व अनुदानं त्या आराखड्याच्या आधारे ठरवावीत. दुसरा भाग पुन्हा वाचण्यासारखा आहे. मंत्रालयात ठरून वाडीपर्यंत झिरपत येणाऱ्या योजनांची आपल्याला सवय. इथे वाडीने लिहायचं आणि वरच्यांनी त्यावरून हिशेब मांडायचा, असा उलटा प्रवाह कायद्यानेच आखून दिला. खासगी अनुदानित शाळांत 2012च्या दुरुस्तीनंतर ही समिती केवळ सल्ला देण्यापुरती उरली. म्हणून या कागदाचं खरं घर म्हणजे जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिका-महापालिकांच्या शाळा.

आराखड्यात काय असावं, हे केंद्राच्या 2010च्या नमुना नियमांत आहे. मुदत तीन वर्षांची, आणि आत तीन वार्षिक उपआराखडे. प्रत्येक वर्षी वर्गवार पट किती असेल, त्यासाठी किती शिक्षक जास्त लागतील, किती खोल्या लागतील, पुस्तकं, गणवेश, विशेष प्रशिक्षण यांचा खर्च किती येईल, याचे अंदाज. अध्यक्ष असलेल्या पालकाची आणि सदस्य सचिव असलेल्या मुख्याध्यापकांची सही, आणि आर्थिक वर्ष संपायच्या आत कागद वर रवाना.

या यादीत मूल वाचायला शिकलं का, हा रकाना नाही. तिथे पट आहे, शिक्षक आहेत, खोल्या आणि पैसे आहेत. जे मागायचं ते सगळं आहे, आणि शाळेने स्वतः काय करायचं ते कुठेच नाही. त्यामुळे हा आराखडा जन्मापासून मागणीपत्रासारखा वागू लागला, यात नवल नाही. नवल वाटतं ते याचं, की त्याआधी चाळीस वर्षं एका मराठी माणसाने याच्या नेमकं उलट सांगून ठेवलं होतं.

जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातले. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा, 1948 साली स्थापन झालेली भारतीय शिक्षण संस्था त्यांची, आणि 1964 ते 66 या काळातल्या कोठारी शिक्षण आयोगाचे ते सदस्य सचिव. शिक्षणाचं नियोजन फक्त दिल्लीत आणि राज्यांच्या राजधान्यांत होतं, प्रत्येक शाळेने आपलं नियोजन आपण करायला हवं, हा विचार आयोगाने मांडला आणि नाईकांनी तो ‘संस्थात्मक नियोजन’ या नावाने पुढे रेटला. त्यांचा इशारा स्पष्ट होता. शाळांना योजना करा म्हटलं, की त्या गरजांची यादी करतील, हजारो याद्या जमतील, त्यांची बेरीज कुठल्याच अर्थसंकल्पात बसणार नाही आणि सगळ्या फायली तशाच पडून राहतील. म्हणून योजनेचा भर हाती असलेल्या साधनांवर आणि माणसांच्या कष्टांवर हवा. जास्तीचे पैसे न मागता काय सुधारता येईल, हा त्यांचा पहिला प्रश्न. कार्यालयांमधल्या आराखड्यांच्या गठ्ठ्यांकडे बघितलं, की हा माणूस किती पुढचं बघत होता ते कळतं.

नाईकांची ही बाजू सरकारी कागदांत परत आली ती 2015 साली, ‘शाळासिद्धी’च्या रूपाने. दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन विद्यापीठाने तयार केलेली ही स्वयंमूल्यमापनाची चौकट. सात क्षेत्रं आणि 46 गाभा मानकं. त्यांतली 12 मानकं इमारत, पाणी, शौचालय, ग्रंथालय अशा साधनांची आहेत. उरलेली 34 अध्यापन, मुलांची प्रगती, शिक्षकांची तयारी, शाळेचं नेतृत्व, समावेशन आणि सुरक्षितता, समाजाचा सहभाग यांची. प्रत्येक मानकावर शाळेने स्वतःला एक ते तीन यांतला स्तर द्यायचा. साधनांच्या बाबतीत तर वस्तू आहे का आणि ती वापरात आहे का, असे दोन वेगळे स्तर. कुलूपबंद कपाटातल्या पुस्तकांना पहिल्या प्रश्नात पैकीच्या पैकी आणि दुसऱ्यात नापास करणारी ही युक्ती मला फार आवडते. शेवटी कोणती सुधारणा आधी घ्यायची तो प्राधान्यक्रम आणि त्यासाठीची कृती लिहायची. म्हणजे मूल्यमापन हे साधन, आणि सुधारणेचा आराखडा हे त्याचं फळ.

आपण काय केलं? स्तरांची बेरीज करून श्रेणी काढल्या आणि ‘अ’ श्रेणी मिळाल्याचे फलक लावले. त्याच सुमारास अनेक शाळांच्या प्रवेशद्वारांवर ‘आयएसओ मानांकित’ ही अक्षरंही झळकू लागली होती. या मानांकनाच्या मुळाशी असलेला सतत सुधारणेचा विचार जगभर पोचवणाऱ्यांत डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग हे मोठं नाव. हा अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ 1950 साली जपानी उद्योजकांना व्याख्यानं द्यायला गेला आणि योजना करा, करून बघा, तपासा, सुधारून पुन्हा करा, हे चक्र तिकडे रुजलं. हाच डेमिंग माणसांना आणि विभागांना क्रमांक लावण्याच्या पूर्ण विरोधात होता. श्रेणी लागली की माणसं सुधारण्याऐवजी श्रेणी सांभाळतात. स्वयंमूल्यमापनात स्वतःला पहिला स्तर देण्याचं धाडस फलकाची आस लागलेली शाळा करणार नाही, आणि पहिला स्तर लिहिला नाही तर आराखड्यात लिहायला काही उरत नाही.

आता चालता आराखडा कसा दिसेल ते बघू. समजा, वाडीवरची पहिली ते चौथीची शाळा आहे. पट 34, शिक्षक दोन. कायद्याने 60 मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात, म्हणजे चार वर्ग दोघांत वाटून घ्यायचे. समग्र शिक्षा योजनेच्या निकषानुसार 31 ते 100 पटाच्या शाळेला वर्षाला 25,000 रुपये संयुक्त अनुदान बसतं. पट 30 असता तर 10,000 बसले असते. चार मुलं शहरात गेली, की दुरुस्तीपासून खडूपर्यंतचा पैसा निम्म्याहून खाली येतो, म्हणून पटाचा अंदाज ही या शाळेत गंमत नाही. अनुदानाचा किमान दहावा हिस्सा, म्हणजे 2,500 रुपये, स्वच्छतेवर खर्च करायचे. वीजबिल, रंगरंगोटी, नळदुरुस्ती भागवली की हातात फारसं काही राहत नाही.

या शाळेने आराखड्यात काय लिहावं? आधी मुलं बघावीत. प्रत्येक मुलाला जवळ बसवून वाचायला द्यायचं: अक्षरं, शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीमुळे ही साधी चाचणी आता गावोगाव ठाऊक आहे. समजा, तिसरी-चौथीच्या 16 मुलांपैकी नऊजण गोष्टीपर्यंत पोचत नाहीत. तर आराखड्याची पहिली ओळ ही झाली. रोजचा पहिला तास इयत्ता विसरून वाचनाच्या पातळीप्रमाणे गट करायचे, एक गट एका शिक्षकाकडे, दुसरा दुसऱ्याकडे. शनिवारी गोष्टींची पुस्तकं घरी जातील. शाळापूर्व तयारीच्या ‘पहिले पाऊल’ अभियानात जे माता-पालक गट झाले, त्यातल्या दोघीतिघी वस्तीवर मुलांना वाचायला बसवतील. दिवाळीनंतर तीच चाचणी पुन्हा, मार्चमध्ये पुन्हा. 2021 साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान 60 शब्द, समजून, असं लक्ष्य ठेवलं आहे. ते दूर असेल तर दूर आहे असं लिहावं आणि डिसेंबरपर्यंत नवातली किती मुलं पुढे सरकतील तो आकडा समितीसमोर ठेवावा. या सगळ्याला जास्तीचे पैसे लागत नाहीत. लागतात ते दोन शिक्षकांचं एकमत आणि पहिला तास कुठल्याही परिपत्रकाला न देण्याचा हट्ट. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड आहे.

अशा ओळी चार-पाच असाव्यात, चाळीस नसाव्यात. प्रत्येकीपुढे करणाऱ्याचं नाव, तारीख, आणि ‘झालं हे कशावरून कळेल’ याचं एक वाक्य. ‘गुणवत्ता वाढवणे’ ही ओळ नाहीच. तसं लिहिणाऱ्याला मार्चमध्ये कुणी काही विचारू शकत नाही, आणि बहुधा ती लिहिली जाते तीही त्यासाठीच.

बीडसारख्या जिल्ह्यात याच कागदाला वेगळा पेच सोडवावा लागतो. शाळांच्या माहितीसाठी अनेक वर्षं 30 सप्टेंबर ही संदर्भ तारीख धरली गेली. त्या दिवशी ऊसतोड कामगारांची मुलं वर्गात असतात. दसरा-दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात आणि अर्धा वर्ग कारखान्याच्या वाटेला लागतो, तो उन्हाळा लागल्यावर परततो. हजेरीपटावर मूल आहे आणि बाकावर नाही. तिथल्या आराखड्यात सप्टेंबरचा पट आणि जानेवारीचा पट असे दोन आकडे शेजारीशेजारी हवेत. कोणती मुलं आजी-आजोबांकडे ठेवता येतील, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव टोळ्या निघायच्या आत कसा जाईल, परतलेल्या मुलांचे बुडालेले महिने कसे भरून काढायचे, हे त्या शाळेचं खरं नियोजन. राज्यभर एकच छापील नमुना भरून घेतला की पहिल्यांदा गळतं ते हेच.

नाईकांचं म्हणणं मला पटतं, पण एका मर्यादेपर्यंत. छताला गळती आहे, खोली धोकादायक ठरून निर्लेखनाला गेली आहे, मुलींच्या शौचालयात पाणी नाही, ही कामं शिक्षकांच्या कष्टाने होत नाहीत आणि होऊही नयेत. मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, दर शिक्षकामागे एक वर्गखोली, कुंपण, खेळाचं मैदान, ग्रंथालय हे सगळं अधिनियमाच्या अनुसूचीत आहे. ते सरकारचं देणं आहे. महाराष्ट्रात लोकसहभागाचं फार कौतुक होतं, आणि गावाने शाळेसाठी हात सैल सोडला तर आनंदच आहे. पण लोकवर्गणीतून संरक्षक भिंत उभी राहिली, की ती आराखड्यातून गुपचूप वगळली जाते आणि शासनाची जबाबदारी सुटते. मग बागायती गावाची शाळा नटते, कोरडवाहू गावाची तशीच राहते. म्हणून आराखड्याचे उघड दोन भाग असावेत: आम्ही करणार ते, आणि तुम्ही द्यायचं ते. पहिल्या भागातली कामं पुरी करून दाखवणाऱ्या शाळेच्या दुसऱ्या भागाला धार येते.

सातत्याचा प्रश्न मात्र शाळेच्या हातात पुरता नाही. मुख्याध्यापकांची बदली झाली, की आराखड्यामागचा विचारही त्यांच्याबरोबर जातो, कारण तो कागदावर कधी उतरलेलाच नसतो. नमुना नियमांत आणखी एक गंमत आहे. समिती दर दोन वर्षांनी नव्याने बनवायची आणि आराखडा तीन वर्षांचा. तिसऱ्या वर्षाचा जाब ज्यांना विचारायचा, ते घरी गेलेले असतात. मूल चौथीतून बाहेर पडलं की पालकाचं सदस्यत्वही संपतं. यावर इलाज अवघड नाही. नव्या समितीत पहिली-दुसरीच्या पालकांना जास्त जागा द्याव्यात, आणि पहिल्या सभेत पहिला विषय जुन्या आराखड्याच्या वाचनाचा असावा. इतिवृत्तात तो विषय एकदा चढला, की पुढच्या मुख्याध्यापकांना तो टाळता येत नाही.

सभेची वेळही बघावी. समितीची बैठक महिन्यातून एकदा तरी व्हायची, आणि ती कामाच्या वेळेत ठेवली तर रोजंदारीवर जाणारी आई येऊच शकत नाही. मग रजिस्टर घरी जातं, सही होते, कोरम भरतो. संध्याकाळी, चूल पेटायच्या आधी अर्धा तास सभा घेऊन बघायला काय हरकत आहे?

2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळा विकास आराखड्याला पुन्हा महत्त्व दिलं आहे आणि शाळा संकुलांनीही आपले आराखडे करावेत, असं म्हटलं आहे. शाळा संकुलाची कल्पनाही मुळात कोठारी आयोगाचीच. नवा नमुना येईल, नवं पोर्टल येईल, रकाने वाढतील. त्याने कागद चालता होणार नाही, तो समितीत बसलेल्या पालकांमुळे होईल. तुमचं मूल सरकारी शाळेत असेल, तर समिती निवडायच्या पालकसभेला जा आणि स्वतःचं नाव सुचवा. मूल पहिलीत असेल तर नक्कीच.