बीदर ते बेंगळुरू: अंतर किती, वेळ किती?

कर्नाटकातल्या कमठाणा गावाला जवळचा विमानतळ बीदरचा. हवाई दलाच्या तळावरच्या या विमानतळावरून फेब्रुवारी २०२० मध्ये बेंगळुरूची प्रवासी सेवा सुरू झाली. दोन्ही विमानतळांमधले सरळ हवाई अंतर सुमारे ५२० किलोमीटर. रस्त्याने ते ७००च्या घरात जाते.

ताशी ८०० किलोमीटर वेगाने हे अंतर चाळीस मिनिटांत संपायला हवे. पण वेळापत्रकातली वेळ विमान जागचे हलल्यापासून उतरून थांबेपर्यंतची असते. धावपट्टी गाठणे, चढणे, वेग कमी करत उतरणे धरून तासाहून अधिक लागतो.

लांबच्या प्रवासात वाराही हिशेबात येतो. पश्चिमेकडून वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यांमुळे मुंबई-लंडनपेक्षा लंडन-मुंबई प्रवास सहसा लवकर होतो. म्हणून पुढचे विमान गाठायचे असल्यास नकाशावरचे अंतर नव्हे, वेळापत्रक पाहावे.