पुनरुज्जीवनातील ऑक्सिजन

हृदयाची क्रिया अचानक बंद पडली असता छातीवर दाब देऊन व कृत्रिम श्वसन देऊन रक्ताभिसरण तात्पुरते चालू ठेवणे आणि हृदय पुन्हा सुरू करणे, यास पुनरुज्जीवन म्हणतात. या काळात व त्यानंतर रक्तात ऑक्सिजन किती असावा, हा प्रश्न रुग्णाचे जगणे व त्याच्या मेंदूची शाबुती या दोहोंशी निगडित आहे.

मेंदूचे वजन शरीराच्या सु. २ टक्के असले, तरी विश्रांतीच्या स्थितीत शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सु. २० टक्के मेंदू वापरतो. त्याचा साठा मात्र मेंदूत जवळजवळ नसतो. त्यामुळे रक्तप्रवाह थांबताच १०–१५ सेकंदांत शुद्ध हरपते आणि सु. ४–६ मिनिटांनंतर तंत्रिका कोशिकांना (मज्जापेशींना) कायमची इजा होऊ लागते. स्मृतीशी संबंधित हिप्पोकँपस आणि निमस्तिष्क (लहान मेंदू) यांतील काही कोशिका विशेष नाजूक असतात.

रक्तप्रवाह परत आल्यावर इजा थांबतेच असे नाही. ऑक्सिजनवाचून राहिलेल्या कोशिकांत कॅल्शियम साचलेले व ऊर्जानिर्मिती बिघडलेली असते. तेथे ऑक्सिजन पोहोचताच अतिक्रियाशील मुक्त मूलके तयार होऊन कोशिकापटले व प्रथिने यांची हानी करतात. यास पुनःप्रवाहजन्य इजा म्हणतात.

अमेरिकेतील १२० रुग्णालयांतील ६,३२६ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. रोहिणीतील रक्तात ऑक्सिजनचा दाब ३०० मिमी. (पारा) किंवा अधिक असलेल्यांपैकी ६३ टक्के, दाब फार कमी असलेल्यांपैकी ५७ टक्के व योग्य असलेल्यांपैकी ४५ टक्के रुग्ण रुग्णालयात दगावले. हे निरीक्षण होते. त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. ऑस्ट्रेलियातील चाचणीत (२०२२) हृदय सुरू झाल्यावर रुग्णवाहिकेतच ऑक्सिजन-संपृक्तता ९०–९४ टक्क्यांवर आणलेल्यांपैकी ३८.३ टक्के, तर ९८–१०० टक्के ठेवलेल्यांपैकी ४७.९ टक्के रुग्ण जिवंत घरी गेले. चाचणी नियोजित संख्येपूर्वीच थांबली, तरी घाईने ऑक्सिजन कमी करण्यातील धोका तीतून दिसला. पहिल्या गटात ऑक्सिजन-न्यूनतेचे प्रसंग सु. दुप्पट होते.

यावरून सध्याची पद्धत ठरली आहे. हृदय बंद असताना शक्य तितका ऑक्सिजन द्यावा. ते सुरू झाल्यावर संपृक्ततेचे विश्वसनीय मापन होईपर्यंत तो कमी करू नये, कारण हातपाय थंड असता व रक्तदाब कमी असता बोटावरील मापक चुकू शकतो. नंतर संपृक्तता ९४–९८ टक्के राहील असा ऑक्सिजन द्यावा, असे यूरोपीय मार्गदर्शन आहे.

मोठे रुग्णालय दूर असलेल्या भागात पहिली मिनिटे जवळच्या माणसांच्याच हाती असतात. वडवणी (जि. बीड) येथील रहिवाशांना जिल्हा रुग्णालयासाठी बीडला, तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयासाठी अंबाजोगाईस जावे लागते. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. ती येईपर्यंत ऑक्सिजनचे नळकांडे नसले, तरी उपाय थांबत नाही. प्रौढ व्यक्ती अचानक कोसळल्यास तिच्या रक्तात काही मिनिटे पुरेल इतका ऑक्सिजन शिल्लक असतो. तो मेंदूपर्यंत नेणारा प्रवाह तेवढा नसतो. म्हणून छातीच्या मध्यभागी मिनिटास १००–१२० वेळा, ५–६ सेंमी. खोल दाब देत राहावे. भारतीय भूलतज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये सामान्य नागरिकांसाठी केवळ दाबांचीच पद्धत सुचविली. पाण्यात बुडालेली व्यक्ती व लहान मुले यांत मात्र रक्तातील ऑक्सिजन आधीच संपलेला असल्याने कृत्रिम श्वसनही आवश्यक असते.