यवतमाळ ते माहूर : पायी वाटेचे नकाशे

यवतमाळहून आर्णीमार्गे पैनगंगा ओलांडून माहूरला पायी जायचे, तर भारतीय सर्वेक्षण विभागाचे चार नकाशे सोबत लागतात : ५५ एल/३, ५५ एल/४, ५५ एच/१६ आणि ५६ ई/१३. वाट तशी लहान. पण २० अंश अक्षांश आणि ७८ अंश रेखांश या दोन्ही रेषा यवतमाळ जिल्ह्यातूनच जातात आणि नकाशांची मोठी विभागणी नेमकी त्यांच्यावर होते. हे टोपोशीट १:५०,००० प्रमाणाचे असतात. कागदावरचे दोन सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. नाले, विहिरी, देवळे, गाडीवाटा त्यात दिसतात आणि समोच्च रेषा जिथे दाटतात तिथे चढ उभा असतो.

नकाशा घेताना पाहणीचे वर्ष आधी वाचावे. जुन्या पाहणीत अरुणावती आणि बेंबळा धरणांचे जलाशय नसतात; कागदावर शिवार असते, तिथे आज पाणी आहे.

जुन्या टोपोशीटचा पाया एव्हरेस्ट या सर्वेक्षकाने केलेल्या पृथ्वीच्या आकाराच्या मापनाचा आहे. त्या मापनामागे विल्यम लॅम्बटनने सुरू केलेली मोजणी होती; तो १८२३ साली इथून जवळच, हिंगणघाटला वारला. जीपीएस मात्र डब्ल्यूजीएस ८४ हा पाया वापरते. म्हणून जीपीएसचे अक्षांश-रेखांश जुन्या नकाशावर जसेच्या तसे मांडले, तर जागा शंभर मीटरांहून अधिक सरकते. रानात नाल्याचा काठ चुकायला एवढे पुरते. २००५ च्या धोरणानंतरचे खुले नकाशे डब्ल्यूजीएस ८४ वरच आहेत; २०१७ पासून ते विभागाच्या पोर्टलवरून उतरवून घेता येतात.

त्यांवरच्या यूटीएम जाळ्यात (त्यात पृथ्वीचे उभे पट्टे पाडून ठिकाण मीटरांत सांगतात) आणखी एक अडचण आहे. ७८ रेखांशावर ४३ वा पट्टा संपून ४४ वा सुरू होतो. यवतमाळ ४४ मध्ये, आर्णी ४३ मध्ये. रेषा ओलांडताच पूर्वेचा आकडा सुमारे १,८६,००० वरून ८,१४,००० वर जातो. ठिकाण कळवताना पट्ट्याचा क्रमांक सांगितलाच पाहिजे.

होकायंत्राचे काम इथे सोपे आहे. खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही. मोबाइलचे जीपीएस नेटवर्कशिवाय चालते, मात्र नकाशा आधी उतरवून ठेवलेला हवा. उन्हाळ्यात फोन तापून बंद पडतो, म्हणून कागद आणि होकायंत्र पिशवीत असावेच.

टिपेश्वर आणि पैनगंगा अभयारण्यांत नकाशावर वाट दिसली, तरी वनविभागाच्या परवानगीशिवाय पायी शिरता येत नाही. उपग्रहावरून संदेश पाठवणारी परदेशी उपकरणेही भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीविना बाळगणे बेकायदा आहे.