शनीच्या चंद्रावरचे गुपित

‘स्पेस ऑपेरा’ हे नाव प्रथम निघाले ते कौतुकाने नव्हे, कुचेष्टेने. १९४१ साली विल्सन टकर या अमेरिकन लेखकाने अंतराळातल्या ठोकळेबाज साहसकथांना ते ठेवले. आणि गंमत अशी की, पुढे त्या प्रकारच्या लेखकांनीच ते भूषणासारखे मिरवले. यानांच्या लढाया आणि किरणांच्या बंदुका यांपलीकडे या प्रकारात काय असणार, अशी शंका ज्या वाचकांच्या मनात असेल, त्यांच्या हाती आम्ही जेम्स एस. ए. कोरी यांची ‘लेव्हायथन वेक्स’ ही २०११ सालची कादंबरी देऊ.

कोरी या नावाचे गृहस्थ मुळी नाहीतच. डॅनियल एब्रहॅम आणि टाय फ्रँक या दोघांनी आपापली मधली नावे जोडून हे टोपणनाव घेतले. कादंबरीत दोन नायकांची प्रकरणे एकाआड एक येतात. होल्डनची फ्रँकने लिहिली, मिलरची एब्रहॅमने. दोन नायकांची मते जिथे भिडतात तिथे हा वाद खरोखरीच दोन माणसांचा वाटतो, तो बहुधा यामुळेच.

काळ काही शतकांनंतरचा. मानव सूर्यमालेत पसरला आहे, पण ताऱ्यांपर्यंत पोचलेला नाही. पृथ्वी श्रीमंत आणि थकलेली. मंगळ शिस्तबद्ध आणि शस्त्रसज्ज. आणि या दोघांच्या कारखान्यांना खनिजे पुरवणारे, लघुग्रहांच्या पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या राबणारे ‘बेल्टर’. (मराठीत त्यांना ‘पट्टेवाले’ म्हणावे, तर कचेरीच्या दाराशी बसलेला शिपाई डोळ्यांपुढे उभा राहतो, म्हणून आम्ही मूळ शब्दच ठेवला.) या बेल्टरांचे चित्रण हे कादंबरीचे खरे वैभव होय. कमी गुरुत्वात वाढल्याने त्यांची शरीरे उंच, कृश झाली आहेत. त्यांची बोली अनेक भाषांच्या मिश्रणातून घडली आहे. अवकाशपोशाखात मानेची वा खांद्यांची हालचाल दिसत नाही, म्हणून होकार-नकारही ते हातांनी देतात; आणि पोशाख नसतानाही ती सवय सुटत नाही. हवा आणि पाणी त्यांना विकत घ्यावे लागते, त्यावर कर भरावा लागतो. मूळ भूमीपासून दूर पिढ्या काढलेल्या समाजाची भाषा कशी वेगळे वळण घेते, आणि त्या वळणाला ‘तिकडचे’ लोक कसे हसतात, हे इंदूर-बडोद्याच्या मराठी घरांतून निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

शनीच्या कड्यांतील बर्फ सेरिस या लघुग्रहावर वाहून नेणारे ‘कँटरबरी’ हे जुनाट जहाज. वाटेत मदतीची हाक ऐकून ते थांबते, आणि अज्ञात युद्धनौका त्याच्या ठिकऱ्या उडवते. तपासासाठी छोट्या यानातून गेलेले पाच जण तेवढे वाचतात. त्यांचा म्होरक्या होल्डन याला एक मंगळी बनावटीचे उपकरण सापडलेले असते. तो हे वृत्त साऱ्या सूर्यमालेला ध्वनिक्षेपित करतो. मंगळावर थेट आरोप तो करीत नाही; पाहिले तेवढे सांगतो. पण ऐकणाऱ्यांनी तर्क करायचा तो केलाच. सेरिसवर दंगली उसळतात, आणि पट्टा व मंगळ यांच्यात युद्ध पेटते.

तिकडे सेरिसवरचा एक खचलेला गुप्त पोलीस, मिलर, एका धनाढ्याच्या हरवलेल्या मुलीचा शोध घेत असतो. दोन्ही धागे मिळतात ते इरॉस या लघुग्रहावर. शनीच्या फीबी या उपग्रहावर एक परकीय पदार्थ सापडलेला असतो: ‘प्रोटोमॉलिक्यूल’, म्हणजे आद्यरेणू. सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी कोणी अज्ञातांनी तो पृथ्वीकडे धाडला होता. येथील एकपेशीय जीवांना कच्चा माल समजून काहीतरी बांधण्यासाठी. वाटेत शनीने तो ओढून घेतला. लेखकांनी फीबीची निवड विचारपूर्वक केली आहे. हा उपग्रह खरोखरीच शनीभोवती उलट्या दिशेने फिरतो, आणि तो बाहेरून येऊन अडकला असावा असे शास्त्रज्ञ मानतात. २००४ च्या जूनमध्ये ‘कॅसिनी’ यान त्याच्या जवळून गेले होते. इरॉसच्या बाबतीत मात्र हात ढिला सोडलेला दिसतो; तो मुख्य पट्ट्यातला नसून पृथ्वीच्या बराच जवळ येणारा लघुग्रह आहे. असो.

प्रोटोजेन ही कंपनी तो पदार्थ इरॉसच्या पंधरा लाख रहिवाशांवर सोडते, आणि युद्धाच्या धुरळ्यात कोणाचे तिकडे लक्ष जात नाही. युद्ध पेटवले गेले ते त्यासाठीच. कंपनीच्या संशोधनाचा प्रमुख ड्रेस्डेन पकडला जातो तेव्हा शांतपणे युक्तिवाद करतो: ज्यांनी हे धाडले त्यांच्यापुढे आपण मुंग्या आहोत, बरोबरीने उभे राहायचे तर हे ज्ञान हवे, आणि त्यापुढे पंधरा लाख म्हणजे किती? खोलीतले लोक ऐकू लागतात. मिलर त्याला गोळी घालतो. कारण विचारता सांगतो की, त्याचे बोलणे पटू लागले होते.

होल्डनला हे असह्य होते. तो मिलरशी संबंध तोडतो. त्याच्या मते खटला व्हायला हवा होता, सारे जगासमोर यायला हवे होते. उलट मिलरचा त्याच्यावरचा आक्षेप जुनाच: अर्धा पुरावा चव्हाट्यावर टाकला की लोक उरलेला अर्धा आपल्या द्वेषाने भरून काढतात. आम्हांला ध्वनिक्षेपणाच्या प्रश्नात मिलरचे म्हणणे पटते. गोळीच्या प्रश्नात पटत नाही. न्यायासनापुढे ड्रेस्डेन बोलला असता आणि कोणी भुललेही असते, तरीही. लेखक मात्र निकाल देत नाहीत.

दिवंगत जयंत नारळीकर यांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीतही जमिनीत गाडलेले प्रगत ज्ञान हाती येते आणि त्याभोवती माणसांची हाव गोळा होते. तेथे ज्ञानाची जात तपासली जाते; येथे ते कोणाच्या ताब्यात, हाच झगडा आहे.

शेवट आम्ही सांगत नाही. २०१२ साली ह्युगो पुरस्काराच्या अंतिम यादीत आलेल्या या कादंबरीमागून मालिका वाढत गेली आणि २०२१ मध्ये नवव्या भागाने संपली. ‘द एक्स्पान्स’ ही दूरचित्रवाणी मालिकाही २०१५ ते २०२२ या काळात दाखवली गेली. पहिला भाग मात्र स्वतंत्रपणे वाचता येतो. मधल्या लढायांची पाने भराभर उलटली तरी चालतील. मिलरची प्रकरणे मात्र सावकाश वाचावीत.