औषधांच्या डब्याला कुलूप, गावाला जाग

घरात दीर्घकाळचे आजारपण असले की औषधांचा एक डबा हळूहळू भरत जातो. त्यात रक्तदाबाच्या गोळ्या असतात, खोकल्याचे अर्धवट संपलेले औषध असते, आणि तळाशी कुठेतरी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर लिहून दिलेल्या तीव्र वेदनाशामक गोळ्यांची अर्धी पट्टी असते. रुग्ण बरा होतो, किंवा कायमचा निघून जातो. डबा मात्र जागच्या जागी राहतो. ‘महागाचे औषध, टाकवत नाही,’ असे म्हणून आपण तो जपून ठेवतो. शेजारच्या काकूंची कंबर धरली तर त्यातली एक गोळी मायेने काढूनही देतो. यात कोणाचाही हेतू वाईट नसतो. परंतु अशाच चांगल्या हेतूच्या डब्यांतून एका संपूर्ण जिल्ह्यावर मृत्यूची छाया कशी पसरली आणि तिथल्या सामान्य माणसांनी ती कशी मागे सारली, याची हकिकत प्रत्येक शुश्रूषा करणाऱ्याने जाणून घ्यावी अशी आहे.

विल्क्सची हकिकत

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या वायव्येस, ॲपलाचियन डोंगररांगांच्या पायथ्याशी विल्क्स नावाचा जिल्हा आहे. लोकसंख्या सुमारे ७० हजार. अंगमेहनतीची कामे करणारी, पाठदुखी आणि सांधेदुखी अंगावर काढणारी साधी माणसे. या शतकाच्या पहिल्या दशकात तेथे वेदनाशामक औषधांच्या अतिमात्रेने, म्हणजे ‘ओव्हरडोस’ने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण इतके वाढले, की देशात सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत त्याची गणना होऊ लागली. २००९ साली दर १ लाख लोकसंख्येमागे हे प्रमाण ४६.६ होते.

फ्रेड ब्रेसन हे त्या भागातील एका हॉस्पिसमध्ये धर्मोपदेशक म्हणून काम करीत. हॉस्पिस म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांची सांत्वना आणि शुश्रूषा करणारी सेवा. मरणोन्मुख माणसाच्या उशाशी बसून धीर देणे हे त्यांचे काम. हे काम करताना त्यांच्या ध्यानात आले, की रुग्णासाठी दिलेली वेदनाशामके घरातूनच नाहीशी होत आहेत. कधी कुटुंबातील कोणी ती स्वतः घेई, कधी दुसऱ्याला देई, कधी विकली जात. इकडे रुग्ण वेदनेने तळमळत राही आणि तिकडे त्याच औषधाने दुसऱ्या कोणाचा तरी श्वास थांबे. एकाच डब्यातून दोन दुःखे जन्माला येत होती.

ब्रेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्रोजेक्ट लाझरस’ हा उपक्रम उभा केला. लाझरस हे बायबलमधील, मृत्यूनंतर पुन्हा उठवल्या गेलेल्या माणसाचे नाव. या कार्यामागची धारणा साधी होती: समाजाच्या आरोग्याची जबाबदारी अखेर त्या समाजाचीच असते, आणि ओव्हरडोसने होणारा प्रत्येक मृत्यू टाळता येण्याजोगा असतो.

अनेक हातांचे काम

या उपक्रमाने कोणा एकाला दोषी ठरवले नाही. डॉक्टर, औषधविक्रेते, पोलीस, शाळा, चर्च आणि रुग्णांचे नातेवाईक यांना त्याने एकत्र बसवले. तीव्र वेदनाशामके कोणाला, किती दिवस द्यावीत याचे प्रशिक्षण डॉक्टरांना मिळाले. रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाने अशी औषधे देण्याचे नियम आखले. उरलेल्या गोळ्या परत करण्याची सोय झाली. औषध ठरल्याप्रमाणेच घ्या, कुलपात ठेवा, कोणाला देऊ नका आणि उरले तर नीट नष्ट करा, हा संदेश घरोघर पोहोचवला गेला. ज्यांना धोका अधिक, अशा रुग्णांच्या घरी ‘नॅलॉक्सोन’ हे प्रतिऔषध देण्यात आले आणि ते कसे वापरावे हे कुटुंबीयांना शिकवण्यात आले.

२०१० साली मृत्यूचे प्रमाण १ लाखामागे २९ वर आले आणि पुढच्या वर्षी ते आणखी उतरले. २००८ साली ओव्हरडोसने दगावलेल्यांपैकी ८२ टक्के लोकांना जिल्ह्यातीलच डॉक्टरांनी ओपिऑइड औषध लिहून दिलेले होते. २०१० साली हे प्रमाण १० टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष प्राथमिक असल्याचे अभ्यासकांनी प्रांजळपणे नमूद केले. तरीही एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. वेदना सोसणाऱ्या रुग्णांचे औषध तोडणे हा या कार्याचा मार्ग नव्हता. रुग्णाची वेदनामुक्ती आणि इतरांची सुरक्षितता या दोन्ही गोष्टी एकत्र साधाव्यात, हा तिथल्या लोकांचा आग्रह होता.

श्वास का थांबतो?

अफूपासून मिळणारी मॉर्फीन आणि कोडीन, तसेच प्रयोगशाळेत तयार होणारी फेंटॅनिल, ट्रॅमाडॉल यांसारखी औषधे ‘ओपिऑइड’ या वर्गात मोडतात. मेंदूतील विशिष्ट ग्राहकांना चिकटून ती वेदनेची जाणीव बोथट करतात. परंतु श्वासोच्छ्वासाचे नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या भागावरही तसेच ग्राहक असतात. मात्रा अधिक झाली की रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्याची सूचना मेंदू नीट घेत नाही. श्वास मंदावतो, उथळ होतो आणि अखेर थांबतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, माणूस गाढ झोपला आहे. या गैरसमजाने कित्येक प्राण गेले आहेत.

वार्धक्यात हा धोका वाढतो. मूत्रपिंड आणि यकृत यांची कार्यक्षमता उतरलेली असल्याने औषध शरीरात अधिक काळ रेंगाळते. दमा, फुप्फुसांचा जुना आजार किंवा झोपेत श्वास अडखळण्याचा विकार असेल तर श्वासाची राखीव शक्ती मुळातच कमी असते. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या झोपेच्या वा चिंतेच्या गोळ्या, किंवा मद्य यांची जोड मिळाली तर परिणाम अनेक पटींनी तीव्र होतो. विसराळूपणामुळे एकच गोळी दोनदा घेतली जाणे हेही वृद्धांच्या घरात नेहमीचेच.

फेंटॅनिलच्या त्वचेवर लावायच्या पट्टीबाबत आणखी एक दक्षता हवी. तिच्यावर किंवा तिच्या जवळ गरम पाण्याची पिशवी ठेवली, तर उष्णतेने औषध वेगाने रक्तात उतरते. पाठ शेकून देणारी प्रेमळ सून नकळत मात्रा वाढवीत असते. काढलेल्या पट्टीतही बरेच औषध शिल्लक राहते; ती रांगत्या नातवंडाच्या हाती लागली तर जिवावर बेतू शकते.

एका औषधाची गोष्ट

नॅलॉक्सोन हे ओपिऑइडचे प्रतिऔषध आहे. ते मेंदूतील ग्राहकांवरून ओपिऑइडला बाजूला सारते आणि थांबत चाललेला श्वास काही मिनिटांत पुन्हा सुरू होऊ शकतो. जॅक फिशमन आणि मोझेस लेवेनस्टाइन यांनी १९६१ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९७१ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पुढे अनेक वर्षे ते रुग्णालयांत आणि रुग्णवाहिकांत राहिले. सामान्य माणसाच्या हाती ते नव्हते. २००३ साली खुद्द फिशमन यांच्या सावत्र मुलाचा हेरॉइनच्या ओव्हरडोसने मृत्यू झाला. औषध शोधून काढणे आणि ते वेळेवर योग्य दारी पोहोचणे यांत केवढे अंतर असते, हे याहून अधिक स्पष्टपणे कोण सांगणार?

ते अंतर कमी केले ते सामान्य कार्यकर्त्यांनी. शिकागो शहरात डॅन बिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ च्या सुमारास व्यसनात अडकलेल्या लोकांच्या आणि त्यांच्या आप्तांच्या हाती हे औषध द्यायला सुरुवात केली. तेव्हा अनेकांना हे दुःसाहस वाटले. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नॅलॉक्सोनचा नाकात मारायचा फवारा डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास परवानगी दिली. २०२२ साली त्या देशात सर्व प्रकारच्या औषधांच्या व अमली पदार्थांच्या ओव्हरडोसने सुमारे १ लाख ८ हजार माणसे दगावली होती. २०२४ साली हा आकडा सुमारे ८० हजारांवर उतरला. घट मोठी आहे, पण उरलेली संख्याही काळीज पिळवटणारी आहे. बेकायदा फेंटॅनिलचा सुळसुळाट हे तिचे मुख्य कारण.

लाजेचे ओझे

या लढ्यातील सर्वांत जड ओझे लाजेचे आहे. घरातले माणूस ओव्हरडोसने गेले तर कुटुंब ‘हृदयविकाराचा झटका’ असे सांगून मोकळे होते. दुःख गिळावे लागते आणि शेजाऱ्याच्या घरातली तीच आग कोणाला दिसत नाही. हे मौन मोडण्यासाठी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात सॅली फिन यांनी २००१ साली एक स्मृतिदिन सुरू केला. आज ३१ ऑगस्ट हा दिवस अनेक देशांत ‘आंतरराष्ट्रीय ओव्हरडोस जागृती दिन’ म्हणून पाळला जातो. जांभळी फीत लावून, मेणबत्त्या उजळून लोक आपल्या माणसाचे नाव उघडपणे उच्चारतात. ज्याचे नाव घेता येते, त्याच्यासाठी रडता येते. आणि ज्याच्यासाठी रडता येते, त्याच्या मृत्यूपासून काही शिकता येते.

आपल्या महाराष्ट्रातही हे मौन मोडण्याचे काम झाले आहे. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले, ते ब्राउन शुगरने तरुणांची घरे पोखरली जात असताना. व्यसन हा गुन्हा नसून आजार आहे, हा विचार अनेक मराठी घरांत पोहोचला तो अशा कार्यामुळे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे २.१ टक्के लोक ओपिऑइड वर्गातील पदार्थांचे सेवन करीत असल्याचे दिसले. प्रश्न दूरदेशीचा आहे असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही.

वेदनेला घाबरू नका, औषधालाही नको

येथे एक खुलासा अत्यावश्यक आहे. कर्करोगाच्या रुग्णांसाठी मॉर्फीन हे वरदान आहे. आपल्या देशात तर गरज असूनही ते न मिळाल्याने तळमळणारे रुग्ण असंख्य आहेत. म्हणूनच २०१४ साली अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती करून अशा औषधांची उपलब्धता सुलभ करण्याचा प्रयत्न झाला. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू वाढवत दिलेली मात्रा सुरक्षित असते. हा लेख वाचून आजोबांची गोळी परस्पर बंद करू नका. एकाएकी बंद केल्यानेही हाल होतात. शंका असेल तर डॉक्टरांना विचारा.

घरासाठी काही नियम

तीव्र वेदनाशामके कुलपात ठेवावीत आणि किती गोळ्या उरल्या याची नोंद वहीत करावी.

झोपेच्या गोळ्या, खोकल्याची औषधे, मद्यपानाची सवय, यांतले काहीही डॉक्टरांपासून लपवू नये.

आपली गोळी दुसऱ्याला देऊ नये आणि दुसऱ्याची आपण घेऊ नये.

वापरलेली पट्टी चिकट बाजू आत येईल अशी दुमडावी. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार फेंटॅनिल, मॉर्फीन, ट्रॅमाडॉल यांसारखी उरलेली औषधे कचऱ्यात न टाकता शौचकूपात टाकून पाणी सोडावे. हा नियम ठरावीक औषधांपुरताच आहे. सर्व औषधांना तो लागू नाही.

प्रसंग ओढवलाच तर

माणूस हाका मारून, हलवून जागा होत नाही. श्वास अतिशय मंद आहे किंवा घशातून घरघर येते आहे. ओठ व नखे निळसर वा करडी पडली आहेत. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत. ही लक्षणे ओळखा. छातीच्या मधल्या हाडावर मुठीच्या सांध्यांनी जोराने चोळून पाहा. प्रतिसाद नसेल तर क्षणाचाही विलंब न करता १०८ किंवा ११२ वर फोन करा आणि कोणते औषध घेतले होते ते सांगा. श्वास थांबला असेल तर दूरध्वनीवरील मार्गदर्शनानुसार कृत्रिम श्वासोच्छ्वास द्या. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. एकटे सोडू नका. तोंडात पाणी, ताक, कॉफी काहीही घालू नका.

आपल्याकडे नॅलॉक्सोन प्रामुख्याने इंजेक्शनच्या रूपात रुग्णालयांत वापरले जाते. म्हणून रुग्णालय गाठण्याची घाई हवी. अमेरिकेत वा कॅनडात मुलांकडे राहणाऱ्या आजी-आजोबांना मात्र हा फवारा औषधांच्या दुकानात सहज दिसेल. तो एका नाकपुडीत मारावा आणि दोन-तीन मिनिटांत सुधारणा नसेल तर दुसरा द्यावा. शरीरात ओपिऑइड नसेल तर त्याने अपाय होत नाही. त्याचा प्रभाव सुमारे ३० ते ९० मिनिटेच टिकतो, त्यामुळे माणूस उठून बसला तरी रुग्णालयात नेणे आवश्यकच आहे.

घरात व्यसनाची शंका असेल तर १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनीवर बोलता येते. तेवढा एक फोन करण्याचे धैर्य अनेकदा घरातल्या वडीलधाऱ्यांनीच दाखवावे लागते. तरुण मुलगा वडिलांना जे सांगू धजत नाही, ते तो आजीच्या मांडीवर डोके ठेवून सांगतो. अशा वेळी आजीने बोल लावण्याआधी ऐकून घेतले, तर तिथेच एक प्राण वाचण्याची सुरुवात झालेली असते.

विल्क्समधील माणसे आपल्यासारखीच होती. त्यांनी औषधांचे डबे उघडून पाहिले आणि एकमेकांशी बोलायला सुरुवात केली. आज सायंकाळी दिवेलागण झाल्यावर आपणही घरातला तो डबा खाली काढावा, चष्मा लावून एकेक पट्टी वाचावी, आणि जे नको ते घरातून जाऊ द्यावे.