किरकोळ गुन्ह्याची नोंद आणि पोलीस भरती

पोलीस शिपाई पदाच्या भरतीतील शारीरिक चाचणी आणि लेखी परीक्षा या पायऱ्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. जून २०२४ मध्ये राज्यात सुरू झालेल्या भरतीत १७,४७१ पदे होती. भरतीच्या काळात ठाण्याच्या साकेत मैदानावर पहाटेपासून उमेदवार जमतात. मात्र या पायऱ्या ओलांडल्यावरही चारित्र्य पडताळणीचा टप्पा उरतो. पूर्वी कधी नाव पोलीस ठाण्यात गेले असेल तर आता नोकरीचे दार कायमचे बंद झाले, अशी समजूत अनेक कुटुंबांत आढळते. ती पूर्णतः खरी नाही.

नोंद कशी होते?

ठाणे, कल्याण, डोंबिवली हा रेल्वेवर जगणारा प्रदेश आहे. येथील तरुणाच्या हातून घडणारे अपराध पुष्कळदा याच जीवनातून येतात. रूळ ओलांडताना पकडले गेल्यास रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. न्यायालयात गुन्हा कबूल करून दंड भरला, की प्रकरण संपले असे तरुणास वाटते. परंतु कायद्याच्या दृष्टीने ती दोषसिद्धी होय.

आंदोलनांचेही तसेच आहे. २ जानेवारी २०१५ रोजी लोकल सेवा विस्कळीत झाल्यावर दिवा स्थानकात प्रवाशांनी रूळ अडविले. दगडफेक आणि वाहनांची जाळपोळही झाली. अशा जमावात घोषणा देणारा आणि वाहन पेटविणारा यांना एकाच तागडीत तोलणे न्याय्य ठरणार नाही. पडताळणी करणाऱ्या अधिकाऱ्याची कसोटी नेमकी येथेच लागते.

न्यायालयाचे मार्गदर्शन

अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २१ जुलै २०१६ रोजी याविषयीची सूत्रे घालून दिली. तरुण वयात घोषणा देण्यासारख्या क्षुल्लक अपराधाची माहिती दडविली गेली असली, तरी नियुक्ती अधिकारी स्वविवेकाने ती चूक माफ करू शकतो. गंभीर गुन्ह्यातील दोषसिद्धी दडविली असल्यास नियुक्ती रद्द होऊ शकते. मात्र माहिती खरी दिली म्हणून नियुक्तीचा हक्क प्राप्त होत नाही. पूर्वचारित्र्य तपासण्याचा अधिकार शासनाकडे राहतोच. पोलीस दलासाठी ही कसोटी अधिक कठोर असते, हे न्यायालयाने २०१३ च्या मेहर सिंग प्रकरणात स्पष्ट केले आहे.

यांत्रिकपणे दिलेल्या नकाराची किंमत किती मोठी असते, हे उत्तर प्रदेशातील रवींद्र कुमार प्रकरणावरून दिसते. अर्ज करताना या उमेदवारावर कोणताही खटला नव्हता. पुढे नोंदलेल्या प्रकरणातून तो निर्दोष सुटला. परंतु नंतरच्या प्रतिज्ञापत्रात त्याचा उल्लेख राहिला. २००४ मध्ये निवड होऊनही त्यास न्याय मिळाला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये.

कायद्यातील सवलती

अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम १२ नुसार ताकीद देऊन अथवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्या व्यक्तीस दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. तथापि तिचे मूळ वर्तन विचारात घेण्यास प्रतिबंध नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ नेही बालवयातील अपराधामुळे अपात्रता येत नाही. सोळा वर्षांवरील ज्या बालकाविरुद्ध बाल न्यायालयाने प्रौढाप्रमाणे खटला चालविला, त्याचा मात्र यास अपवाद आहे.

कोविड काळात संचारबंदी मोडल्याबद्दल भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली विद्यार्थ्यांवर व नागरिकांवर गुन्हे दाखल झाले होते. नोकरीत अडचण येऊ नये म्हणून ते मागे घेण्याचा निर्णय तत्कालीन गृहमंत्री दिलीप वळसे पाटील यांनी मार्च २०२२ मध्ये जाहीर केला. परंतु शासनाच्या घोषणेने खटला आपोआप संपत नाही. खटला मागे घेण्यासाठी सरकारी अभियोक्त्याने अर्ज करावा लागतो आणि त्यास न्यायालयाची संमती लागते. त्या आदेशाची प्रत उमेदवाराने जपून ठेवावी.

आपण काय करावे?

साक्षांकन नमुन्यात अटक, खटला, दंड यांविषयी जे विचारले असेल त्याचे उत्तर उमेदवाराने खरे द्यावे. निर्दोष सुटका झाली असली तरी, प्रश्न तसा असल्यास, ती नमूद करावी. निकालपत्राची प्रमाणित प्रत सोबत जोडावी. प्रश्नच विचारला नसेल, तर माहिती दडविल्याचा ठपका येत नाही.

शिक्षकांनी भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना ही माहिती धावण्याच्या सरावाइतक्याच अगत्याने द्यावी. "लिहू नकोस, कोणाला कळते?" असा सल्ला गावात कोणी देत असेल, तर पंचायत सदस्यांनी तो खोडून काढावा. अधिकाऱ्यांनी अपराधाचे स्वरूप, उमेदवाराचे तेव्हाचे वय, खटल्याचा निकाल आणि त्यानंतरची वर्तणूक पाहून सकारण आदेश द्यावा. दलाची प्रतिष्ठा राखणे आणि एका चुकीपायी तरुणाचे आयुष्य वाया जाऊ न देणे, ही दोन्ही कर्तव्ये एकाच वेळी पार पाडता येतात. त्यासाठी उमेदवाराने सत्य सांगावे आणि अधिकाऱ्याने ते पूर्ण ऐकून घ्यावे.